रिपोर्ट चांगला आलाय, म्हणूनच गोळी थांबवायची नाही

प्रश्न

डॉक्टर, नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा माझ्याकडे असतो. आठ वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना तो सारखा आजारी पडायचा, तेव्हा तपासणीत त्याला आणि तिला, दोघांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं. गरोदरपणात तिची ही तपासणी झालीच नव्हती. सुरुवातीचे काही महिने तिनेच त्याला औषध पाजलं. पुढे टीबीने ती गेली आणि तो माझा झाला. आधी कडूजहर सिरप होतं, मग पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या आणि आमचे हाल संपले. गेल्या महिन्यात त्याचं वजन २१ किलो भरलं, म्हणून डॉक्टरांनी एक औषध बदलून गिळायची मोठी गोळी दिली. ती घशाखाली उतरत नाही. उमासे येतात, रडतो, ओकतो. गेले तीन दिवस मी वैतागून कुठलंच औषध दिलेलं नाही.

त्यातच व्हायरल लोडचा रिपोर्ट आला, ‘विषाणू आढळला नाही’. मोठे दीर म्हणतात, विषाणूच नाही तर कोवळ्या पोराच्या लिव्हर-किडनीवर हा मारा कशाला? आणि तो मला विचारतो, ‘मावशी, मीच का गोळ्या घ्यायच्या? छोटीला का नाही?’ आजवर मी ‘ताकदीची गोळी’ म्हणून सांगत आले. आता त्याला वाचता येतं. तो आणि माझी मुलगी एका ताटात जेवतात, एका पांघरुणात झोपतात. कधी कधी मला तिची भीती वाटते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. काय करू?

– एक मावशी

उत्तर

ताई,

बाकी सगळं नंतर बोलू, आधी गोळ्यांचं. हे वाचाल त्याच दिवशी उपचार केंद्राला फोन करा आणि सांगा: ‘तीन दिवस औषध गेलेलं नाही. गिळता येत नाही एवढंच कारण आहे. अंगावर पुरळ नाही, ताप नाही.’ (अर्थात, खरंच नसेल तरच.) पुरळ-तापाचं मुद्दाम सांगायला लावते आहे. या वयाच्या बऱ्याच मुलांच्या औषधांत अबॅकाविर असतं. काही थोड्या लोकांना त्याची गंभीर ॲलर्जी येते: ताप, पुरळ, उलट्या, धाप. तशी ॲलर्जी येऊन औषध बंद झालं असेल तर ते पुन्हा कधीच सुरू करायचं नसतं. तुमच्याकडे तसं काही झालेलं दिसत नाही, त्यामुळे डॉक्टर बहुधा आजच सुरू करा म्हणतील. तरी विचारून करा, आणि सुरू केल्यावर पहिले काही दिवस त्याच्याकडे लक्ष असू द्या.

तीन दिवसांनी सगळं बिघडलं असं समजून रडत बसू नका. तीन दिवसांचे तीस होऊ नयेत, एवढं बघायचं. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट देऊ नका. आणि एक चूक अगदी शहाणी माणसंसुद्धा करतात: विरघळणाऱ्या गोळ्या जातात म्हणून तेवढ्याच द्यायच्या आणि गिळायची तेवढी सोडायची. असं करू नका. ही औषधं एकत्र मिळून विषाणूला कोंडतात. एकदोन औषधंच दिली, तर विषाणूला त्यांच्यातून वाट काढायला शिकवल्यासारखं होतं. त्याला औषधप्रतिकार म्हणतात. मुलाच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांसाठी जी औषधं हाताशी ठेवायची आहेत, त्यांतलं एखादं अशानेच कायमचं निकामी होऊ शकतं.

आता ती मोठी गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण २० किलोच्या पुढे जे बदलतं ते बहुतेक डोल्युटेग्राविर. लहानपणी त्याची १० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी वजनाप्रमाणे देतात आणि २० किलो झाले की मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची, गिळायची. घरी शिल्लक असलेल्या जुन्या १० च्या पाच गोळ्या दिल्या की ५० झाले, असा हिशोब मनात येऊ शकतो. तो चुकीचा आहे. विरघळणारी गोळी शरीरात जास्त चांगली शोषली जाते, त्यामुळे तिचे ३० मिलिग्रॅम हे गिळायच्या गोळीच्या ५० मिलिग्रॅमच्या जवळपास भरतात. इथे मिलिग्रॅमची बेरीज जुळवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘याला अजून काही महिने विरघळणाऱ्या स्वरूपात देता येईल का?’ अबॅकाविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिन्हींची मिळून एक विरघळणारी गोळीही आता आहे आणि ती २५ किलोच्या आतल्या मुलांना वजनाप्रमाणे देतात. तुमच्या केंद्रात ती मिळत असेल तर रडारड तिथेच संपेल. हातातली गोळी तोडून किंवा कुटून चालेल का, तेही त्यांनाच विचारा. काही गोळ्यांना चालतं, काहींना नाही.

पण गिळायला कधी ना कधी शिकायचंच आहे, आणि आठव्या वर्षी मुलं ते शिकतात. मी ते शिकताना पाहिलेलं आहे, वर्षानुवर्षं. फक्त शिकवणी औषधाच्या वेळी घ्यायची नाही. त्या वेळी तुम्ही दोघंही आधीच घाबरलेले असता. दिवसातली एखादी मोकळी वेळ निवडा. लगेच विरघळेल अशा गोड चुऱ्याचा अगदी बारीक कण जिभेवर ठेवा, पाण्याचा मोठा घोट, आणि गिळलं का बघा. गेलं तर उद्या थोडा मोठा तुकडा. पाठ ताठ ठेवून बसवा, आडवं नाही. मान फार मागे टाकायला सांगू नका. बऱ्याच मुलांना हनुवटी किंचित खाली घेतल्यावर सोपं जातं. आठदहा दिवसांत तो गोळीएवढ्या तुकड्यापर्यंत पोचेल, कदाचित दोन आठवडे लागतील. ठसका लागेल असं वाटलं तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी मागच्या आकारावर या. नाक दाबून, हात धरून कोंबलेली गोळी एखाद्या दिवशी जाईलही, पण ती श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते, आणि त्या दिवसापासून मूल औषधाची वेळ झाली की लपून बसतं.

गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायची, त्यानंतर झाली तर सहसा नाही, हा साधारण नियम. विरघळणाऱ्या गोळ्या पाण्यात घातल्या की अर्ध्या तासात पाजायच्या, पेल्याच्या तळाशी उरलेलं पुन्हा थोड्या पाण्यात हलवून तेही द्यायचं, कारण औषधाचा बराच भाग तिथेच बसलेला असतो. डोल्युटेग्राविर रिकाम्या पोटी चालतं, भरल्या पोटीही चालतं, सकाळी चालतं, रात्री चालतं. वेळ मात्र एकच ठेवा आणि ती घरातल्या रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. दात घासण्याला बांधलेली गोळी घड्याळाला बांधलेल्या गोळीपेक्षा कमी चुकते. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ते पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं, म्हणून डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर देतात. तुमच्या घरात टीबी होऊन गेलेला आहे, म्हणून हेही लक्षात ठेवा: पुढे कधी त्याला टीबीची औषधं लागली आणि त्यांत रिफाम्पिसिन असलं, तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

आता रिपोर्ट. ‘विषाणू आढळला नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्यांनी घराघरांत किती गैरसमज पेरले आहेत, हे मी रोज बघते. ती चाचणी रक्तात फिरणाऱ्या विषाणूच्या प्रती मोजते. ठरावीक पातळीच्या खाली प्रती गेल्या की चाचणीला त्या दिसत नाहीत. पण एचआयव्ही रक्तात नुसता फिरत नाही. तो पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो, स्वतःची प्रत पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो आणि काही पेशींमध्ये वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. आपली औषधं विषाणूला नव्या प्रती काढू देत नाहीत. पेशीत शिवलेली प्रत उसवून काढणारं औषध अजून आपल्याकडे नाही. म्हणून औषध थांबलं की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परत दिसू लागतो.

तुमच्या दिरांना एक खरी हकिकत सांगा. २०१० साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एक बाळ एचआयव्ही घेऊन जन्मलं. जन्मल्यावर साधारण ३० तासांतच त्याला पूर्ण औषधं सुरू झाली. दीड वर्षाच्या सुमारास ते बाळ दवाखान्यात यायचं थांबलं, औषधं बंद पडली. काही महिन्यांनी परत आणलं, तर रक्तात विषाणू सापडेना. २०१३ साली ही बातमी जगभर गेली, बाळ बरं झालं म्हणून डॉक्टरांचे डोळे भरून आले होते, माझेसुद्धा. औषधाविना २७ महिने विषाणू दिसला नाही. आणि २०१४ च्या जुलैमध्ये, मूल चार वर्षांचं होत आलेलं असताना, तो परत दिसला. औषधं पुन्हा सुरू करावी लागली. ३० तासांत उपचार सुरू झालेल्या मुलाची ही गोष्ट, आणि तुमच्या मुलाचा उपचार सुरू झाला तो दीड वर्षाचा असताना. तुमच्या हातातला रिपोर्ट म्हणजे कुंपण शाबूत असल्याची खबर आहे. कुंपण काढून टाकायची परवानगी त्यात नाही.

लिव्हर-किडनीची दिरांची काळजी मी उडवून लावणार नाही. मुलाला आयुष्यभर औषध द्यायचं म्हटल्यावर घरच्या मोठ्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही बघायला हवं. जन्मतः एचआयव्ही झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही, तर निम्मी बाळं दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पोचत नाहीत. एके काळी डॉक्टरांनाही तुमच्या दिरांसारखंच वाटायचं, की कोवळ्या जिवाला लगेच औषध नको, तब्येत खालावू लागली की बघू. दक्षिण आफ्रिकेत ‘चेर’ नावाच्या अभ्यासात हे तपासलं गेलं. दीड ते तीन महिन्यांच्या, वरवर ठीक दिसणाऱ्या बाळांच्या एका गटाला लगेच औषध दिलं, दुसऱ्या गटात लक्षणं दिसेपर्यंत किंवा प्रतिकारशक्ती घसरेपर्यंत थांबले. थांबलेल्या गटात १६ टक्के बाळं दगावली, लगेच औषध मिळालेल्या गटात ४ टक्के. २००८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरचे नियम बदलले. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की वय कितीही असो, तब्येत कशीही असो, निदान झालं की उपचार सुरू. जी मुलं औषधाविना तगतात त्यांचीही उंची खुंटते, मेंदूची वाढ मागे पडते, साध्या साध्या आजारांनी ती पुन्हा पुन्हा अंथरूण धरतात. तुम्ही लिहिलंत, दीड वर्षाचा असताना तो सारखा आजारी पडायचा. ते औषधाआधीचे दिवस होते. दिरांना ते दिवस आठवायला सांगा.

आणि औषधंही आता पूर्वीची राहिलेली नाहीत. पहिलं औषध, झिडोवुडिन, मोठ्यांसाठी १९८७ मध्ये मंजूर झालं, मुलांसाठी १९९० मध्ये. पुढे कितीतरी वर्षं मुलांच्या वाट्याला मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे आणि वाईट चवीची पातळ औषधं आली. तुम्ही ज्या कडूजहर सिरपबद्दल लिहिलंत ते लोपिनाविर-रिटोनाविरचं असावं. त्यात ४२ टक्के अल्कोहोल होतं. तान्ह्या बाळांना ते दिवसातून दोनदा पाजणाऱ्या आयांना मी पाहिलेलं आहे आणि त्यांच्याइतका चिवटपणा मी दुसरीकडे फारसा पाहिला नाही. डोल्युटेग्राविरची तुलना जुन्या उपचारांशी ‘ओडिसी’ या अभ्यासात झाली. ७०० हून अधिक मुलं होती त्यात. साधारण दोन वर्षांत जुन्या उपचारांवरच्या २२ टक्के मुलांमध्ये उपचार अयशस्वी ठरले, डोल्युटेग्राविरवरच्या मुलांमध्ये १४ टक्के. विरघळणारी गोळी २०२० च्या सुमारास आली. काही जणांना डोल्युटेग्राविरने झोप नीट लागत नाही, डोकं दुखतं, काहींचं वजन जास्त वाढतं. असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी घ्यायची वेळ बदलूनही कधी कधी झोपेचा त्रास जातो. यकृताच्या आणि इतर तपासण्या ते गरजेप्रमाणे करतीलच.

हे सगळं तुम्ही एकट्याने दिरांना समजावत बसू नका. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. घरातल्या बाईने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यांचं वजन घरात सारखं धरलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं, पण मुलाची गोळी चालू राहणार असेल तर त्या वजनाचाही उपयोग करून घ्या. त्याच भेटीत विचारा की औषधात खंड पडला होता, तर व्हायरल लोड नेहमीपेक्षा लवकर करायचा का. बहुतेक तीनेक महिन्यांनी करू म्हणतील. त्या वेळी आकडा वर आला तर हबकू नका. आकडा, म्हणजे एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती, १,००० च्या वर गेला, तर आधी गोळ्या नीट जाताहेत ना हे पाहतात, तीनेक महिन्यांनी पुन्हा मोजतात, आणि मगच औषध बदलायचा विचार करतात. वजन मात्र प्रत्येक भेटीत करून घ्या. मूल वाढतं, पण कागदावर लिहिलेला डोस आपणहून वाढत नाही. जुन्याच डोसवर राहिलेली मुलं मला दर वर्षी भेटतात.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘ताकदीची गोळी’. रागावत नाही मी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दुसरं काय सांगणार होता तुम्ही? पण आता बघा त्या शब्दांनी काय केलं आहे. मुलगा धावतो, खेळतो, त्याला ताकद आहे. मग ताकदीची गोळी कशाला? त्याचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. दीरही तेच म्हणताहेत: रिपोर्ट चांगला, मूल ठणठणीत, मग गोळी कशाला? दोघांनाही आपण अर्धंच सांगितलंय, आणि त्या अर्ध्या सांगण्यातून गोळी सोडायचं कारण आपोआप निघतं. तो गोळीमुळे ठणठणीत आहे, हे त्या दोघांनाही अजून कुणी सांगितलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये याच विषयावर मार्गदर्शन केलं. शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या एचआयव्हीबद्दल सांगावं, आणि त्याआधीच्या वयात समजेल तेवढं टप्प्याटप्प्याने सांगत जावं, असा त्याचा गाभा. सांगितल्याने मुलं खचतील ही आपली भीती. सांगण्याआधी मीही घाबरायचे. पण नीट, मायेने सांगितलेल्या मुलांचं सुरुवातीचं रडणं-रुसणं ओसरतं. अचानक, दुसऱ्या कुणाकडून किंवा बाटलीवरचं नाव वाचून कळलेल्यांचं तसं होत नाही. ती मुलं घरच्यांवर पुन्हा विश्वास ठेवायला फार वेळ घेतात, आणि त्यांतली काही तेरा-चौदाव्या वर्षी औषध सोडतात. तुमच्या मुलाला वाचता येतं, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे फार वेळ नाही.

आज लगेच ‘एचआयव्ही’ हा शब्द उच्चारलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण ‘ताकदीची गोळी’ आजच बंद करा. त्याच्या जागी काहीसं असं सांगता येईल:

‘तू विचारलंस ना, तूच का गोळ्या घेतोस? मी तुला आधी नीट सांगितलं नव्हतं, कारण तू लहान होतास. तुझ्या रक्तात एक विषाणू आहे. डोळ्यांना दिसत नाही इतका छोटा. तो जागा झाला तर तुझ्या शरीरातल्या शिपायांना त्रास देतो आणि मग तू आजारी पडतोस. ही गोळी त्याला झोपवून ठेवते. आत्ता तो गाढ झोपलाय, डॉक्टरांनी रक्त तपासून बघितलं. गोळी घेतली नाही तर तो उठतो. छोटीच्या रक्तात तो नाही, म्हणून तिला गोळी नाही.’

एवढंच. मग गप्प बसा. त्याला विचारू द्या. एखाद वेळी तो काहीच विचारणार नाही आणि खेळायला पळेल, आणि चार दिवसांनी अंघोळ करताना मध्येच काहीतरी विचारेल. उत्तर माहीत नसेल तर ‘आपण दोघं डॉक्टरांना विचारू’ म्हणा. खोटं मात्र एकही सांगू नका, कारण पुढच्या वर्ष-दीड वर्षात याच विषाणूला नाव द्यायचं आहे. तो दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला नाव कळलेलं असावं असं मला वाटतं. शरीर बदलायला लागण्याआधी, मित्रांची मतं घरच्यांच्या मतांपेक्षा मोठी व्हायच्या आधी. नाव सांगायच्या दिवशी समुपदेशक सोबत असतील तर चांगलंच, पण सांगणारा आवाज तुमचा असू द्या.

त्याला हेही समजावं लागेल की ही गोष्ट त्याची स्वतःची आहे, सगळ्यांना सांगत सुटायची नाही. इथे शब्द जपून वापरा. ‘कुणाला सांगू नकोस हं, लोक काय म्हणतील’ असं म्हटलं की मूल त्यातून लाज शिकतं. ‘अंघोळ आपण दार लावून करतो, त्यात वाईट काही नसतं, तसंच हे’ असं म्हटलं की त्याला खासगी म्हणजे काय ते कळतं. कुणाला सांगायचं हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. शाळेला सांगितलंच पाहिजे असं काही नाही.

आता तुमच्या मुलीची भीती. आईला अशी भीती वाटली म्हणून ती वाईट होत नाही. लाज सोडा आणि माहिती घ्या. एका ताटात जेवल्याने, एका पांघरुणात झोपल्याने, मिठीने, पापीने, घामाने, अश्रूंनी, थुंकीने, एका संडासाने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. ज्यांच्या घरी औषध घेणारी मुलं भावंडांत मिसळून वाढली, अशी असंख्य घरं जगात आहेत. रक्ताची काळजी घ्यायची ती साधी: टूथब्रश ज्याचा त्याचा, कुणाच्याही जखमेला पट्टी, आणि कुणाचंही रक्त पुसताना मध्ये हातमोजा किंवा प्लॅस्टिक, मग साबणाने हात. ‘कुणाचंही’ म्हणाले, कारण हा नियम सगळ्या घराला लावायचा. त्याच्या एकट्यासाठी वेगळा पेला-ताट काढलंत तर विषाणूला काही फरक पडणार नाही, पण पोराला आयुष्यभर लक्षात राहील.

मोठा झाल्यावर तो लग्नाचं, मुलाबाळांचं विचारेल. तेव्हाचं उत्तरही आजच तुमच्याजवळ असू द्या. नियमित गोळीने ज्याच्या रक्तात विषाणू चाचणीला दिसत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. मोठमोठ्या अभ्यासांत हजारो जोडप्यांवर हे पडताळून पाहिलेलं आहे. लग्न, मुलं, म्हातारपण, सगळं त्याला मिळू शकतं.

एक प्रश्न अजून उरलाय, तो तुम्ही लिहिला नाहीत, पण पोरगा विचारणार आहे: ‘हा विषाणू माझ्यात आला कुठून?’ सांगा, ‘आईच्या शरीरातून. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.’ हे खरंच आहे. गरोदरपणात कळलं असतं आणि औषध मिळालं असतं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. उपचार नसतील तर ती १५ ते ४५ टक्के असते. तपासणी झाली नाही यात तिचा दोष नाही, ती तिच्यापर्यंत पोचलीच नाही. हे तुम्ही स्वतःच्या मनालाही सांगा. बहिणीवरचा राग कुठेतरी शिल्लक असेल तर तो आठ वर्षांचं पोर बरोबर ओळखतं.

आणि ते सांगताना तुमच्या पत्रातलं आणखी एक वाक्य त्याला सांगा. ती स्वतः आजारी होती, सिरप कडूजहर होतं, हा दीड वर्षाचा पोरगा थुंकून टाकत असणार, आणि तरी पहिले काही महिने तिनेच त्याला औषध पाजलं. त्याचा फोटो असेल तिच्यासोबतचा, तर तो काढा. त्याच्या पहिल्या औषधाचा घोट त्याच्या आईने पाजला होता, हे अजून त्याला कुणी सांगितलेलं नाही.